थोरली बेंटली, धाकटी बुगाटी

मोटारींच्या शर्यतींच्या इतिहासांत ज्या जोड्यांची तुलना पुन्हां पुन्हां केली जाते, त्यांत इंग्लंडची 'ब्लोअर' बेंटली आणि फ्रान्सची बुगाटी टाइप ३५ ही जोडी बहुधा सर्वांत विजोड आहे. एकीचें एंजिन जवळजवळ साडेचार लिटरांचें, दुसरीचें दोन लिटरांचें; एक चार माणसें ऐसपैस बसतील अशी, दुसरींत दोघांनाहि अंग चोरून बसावें लागे; एकीचें वजन दुसरीच्या दुपटीहून अधिक. कुस्तीच्या आखाड्यांत अशी जोड कोणी वस्ताद लावणार नाहीं. परंतु २१ सप्टेंबर १९३० रोजीं पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशीं असलेल्या पो या फ्रेंच शहराजवळच्या रस्त्यांवर ती लागली. आणि तीहि एखाद्या गमतीच्या सामन्यांत नव्हे, तर फ्रेंच ग्रां प्री या त्या देशांतील सर्वांत मानाच्या शर्यतींत. त्या दिवशीं जें घडलें त्याचा अर्थ लावावयाचा, तर त्या मोटारींच्या आधीं त्यांच्या कर्त्यांची ओळख करून घेतली पाहिजे. कारण या दोन यंत्रांतील भेद हा मुळांत दोन स्वभावांतील भेद होता.

वॉल्टर ओवेन बेंटली याचा जन्म १८८८ सालीं लंडनमध्यें झाला. शाळेंतून बाहेर पडतांच तो डॉन्कास्टर येथील ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवार म्हणून राहिला. आगगाडीच्या एंजिनाच्या जोडकामापासून तें धांवत असतां त्याच्या भट्टींत कोळसा टाकण्यापर्यंतचीं कामें त्यानें तेथें केलीं. पहिल्या महायुद्धांत विमानांच्या एंजिनांत ॲल्युमिनिअमचे दट्टे बसवावे हा त्याचा आग्रह फळास आला, आणि त्यानें आखलेलें एंजिन सॉपविथ कॅमल या लढाऊ विमानावर चढलें. १९१९ सालीं त्यानें स्वतःच्या नांवाची मोटारकंपनी काढली, तेव्हां रेल्वे कारखान्यांतील शिकवण त्याच्या हाडींमासीं खिळलेली होती. यंत्र कसें असावें, तर थोराड, धिम्या चालीचें, धातूची काटकसर न केलेलें आणि रात्रंदिवस ओढीत राहिलें तरी कुरकुर न करणारें. अधिक शक्ति हवी असेल तर एंजिन मोठें करावें, इतका त्याचा हिशेब सरळ होता. तीन लिटरांपासून आरंभ करून १९३० सालापर्यंत तो आठ लिटरांवर जाऊन पोंचला. ल मां येथील चोवीस तासांची शर्यत १९२४ सालीं, आणि पुढें १९२७ पासून १९३० पर्यंत ओळीनें चार वर्षें त्याच्या मोटारींनीं जिंकली; तेव्हां त्या हिशेबाला कोणी नांवें ठेवण्याचें कारण नव्हतें.

एत्तोरे बुगाटी हा त्याच्याहून सात वर्षांनीं वडील. तो १८८१ सालीं मिलानमध्यें एका कलावंताच्या घरीं जन्मला. बाप कार्लो हा नामांकित फर्निचर करणारा. धाकटा भाऊ रेम्ब्रांट हा पशुपक्ष्यांच्या मूर्ति घडविणारा शिल्पकार. स्थापत्याचें रीतसर शिक्षण एत्तोरेला लाभलें नव्हतें, पण कोणता भाग कोठें जाड आणि कोठें बारीक असावा हें त्याच्या डोळ्याला कळत असे. १९०९ सालीं आल्सास प्रांतांतील मोल्सहाइम या गांवीं त्यानें आपला कारखाना थाटला. तो प्रांत त्या वेळीं जर्मनीच्या ताब्यांत होता. पहिल्या महायुद्धानंतर तो फ्रान्सकडे आला, आणि अशा रीतीनें जन्मानें इटालियन असलेल्या या माणसाची मोटार फ्रान्सचा निळा रंग लेवून धांवूं लागली. त्याला घोड्यांचा मोठा शोक. त्याच्या मोटारीच्या रेडिएटरचा आकार घोड्याच्या नालाची आठवण करून देतो, तो पाहणाराला अगदीं शोभून दिसतो.

बेंटली हा जगांतील सर्वांत वेगवान मालमोटारी बांधणारा गृहस्थ आहे, असा एक टोमणा बुगाटीच्या नांवावर सांगितला जातो. त्याचे शब्द निरनिराळ्या ठिकाणीं निरनिराळे आढळतात. पण तो त्याच्या तोंडीं शोभण्यासारखा आहे खरा, कारण वजनाला तो मनापासून भीत असे. आणि वजन कमी करण्याची त्याची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. टाइप ३५ ही मोटार ऑगस्ट १९२४ मध्यें लिऑन येथील ग्रां प्रीमध्यें प्रथम उतरली. तिचा पुढचा आंस मध्यें पोकळ ठेवलेला होता. त्याच्या दोन्ही अंगांस चौकोनी भोंकें पाडून त्यांतून कमानी आरपार नेल्या होत्या. चाकें तारांच्या आऱ्यांचीं नव्हतीं. आठ रुंद पात्यांचें ॲल्युमिनिअमचें एकसंध ओतीव चाक, आणि ब्रेकचा पिंपासारखा भाग त्या चाकांतच ओतलेला. टायर बदलावयास चाक काढलें कीं ब्रेक आपोआप उघडा पडे व तपासतां येई. पहिल्याच शर्यतींत तिला यश आलें नाहीं. टायरांनीं दगा दिला, आणि इटलीची आल्फा रोमिओ जिंकली. पण १९२५ पासून १९२९ पर्यंत सिसिलीच्या डोंगरांतील तार्गा फ्लोरिओ ही अवघड शर्यत बुगाटीच्या मोटारींनीं सलग पांच वेळां जिंकली, आणि १९२९ सालीं मोनाको येथें भरलेली पहिली ग्रां प्रीहि याच जातीच्या मोटारीनें मारली. ऐपतदार गिऱ्हाइकाला ही मोटार कारखान्यांतून सरळ विकत घेतां येत असे. ग्रां प्रीसारख्या शर्यतीची मोटार बाजारांत मिळावी ही त्या काळीं नवलाचीच गोष्ट होती.

आतां दोन्ही एंजिनें शेजारीं शेजारीं ठेवून पहावीं. बेंटलीच्या एंजिनाचे सिलिंडर चार. प्रत्येकाचा व्यास १०० मिलिमीटर आणि दट्ट्याची चाल १४० मिलिमीटर. एकूण मोजमाप ४,३९८ घन सेंटिमीटर. म्हणजे एका सिलिंडरांत तांब्याभर पाणी सहज मावावें. बुगाटीचे सिलिंडर आठ, एका ओळींत; व्यास ६० मिलिमीटर, चाल ८८ मिलिमीटर, एकूण १,९९१ घन सेंटिमीटर; एका सिलिंडरांत जेमतेम पेलाभर पाणी. मोठा दट्ट्या एका ठोशांत पुष्कळ काम करतो, पण त्याला मागेंपुढें हलविण्यांतच बरेंच बळ खर्ची पडतें, म्हणून त्यानें बेताच्याच चालीनें चालावें हें बरें. लहान दट्ट्याचा ठोसा हलका, पण तो भराभर मारतां येतो. बुगाटीनें आपला क्रँकशाफ्ट गोळ्यांच्या व रुळांच्या बेअरिंगांवर बसविला, तो या भराभर फिरण्यासाठींच. हें काम फार खर्चाचें आणि दुरुस्तीला कटकटीचें. कारण असा क्रँकशाफ्ट तुकड्यांतुकड्यांनीं जोडावा लागतो. मालकाच्या खिशाचा विचार बुगाटीनें फारसा केलेला दिसत नाहीं.

दोन्ही मोटारींत एक गोष्ट मात्र समान होती, आणि वादाचें मूळ तेथेंच आहे. ती म्हणजे सुपरचार्जर. लोहार भात्यानें निखाऱ्यांवर वारा घालतो, तसा हा पंप हवा आणि पेट्रोल यांचें मिश्रण दाबून सिलिंडरांत भरतो. त्यामुळें तेवढ्याच एंजिनांत अधिक इंधन जळतें आणि अधिक शक्ति निघते. बुगाटी प्रथम या साधनाविषयीं नाखूष होता. पण प्रतिस्पर्धी तें वापरून पुढें जात आहेत असें पाहिल्यावर १९२६ पासून त्यानेंहि तें घेतलें. दोन लिटरांच्या त्या मोटारीस टाइप ३५ सी म्हणतात, आणि तिची शक्ति सुमारें सव्वाशें अश्वशक्तीपर्यंत चढली. त्याचें एंजिन मुळांतच चपळ असल्यामुळें तें त्याला पचलें.

बेंटलीला तें मुळींच पसंत नव्हतें. एंजिन लहान ठेवून त्याला जबरदस्तीनें फुगविणें हें त्याच्या लेखीं आपल्या रचनेशीं केलेलें अब्रह्मण्यम् होतें. पण १९२९ सालीं कंपनींत त्याचा शब्द शेवटचा राहिला नव्हता. पैसा वुल्फ बर्नाटो याचा होता. किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींवर गबर झालेल्या बापाचा हा मुलगा कंपनीचा अध्यक्ष होता, आणि स्वतः पट्टीचा शर्यतपटूहि होता. त्याचा मित्र हेन्री बर्किन हा सुपरचार्जरचा कैवारी. नॉटिंगहॅमच्या लेसच्या व्यापारांत श्रीमंत झालेल्या घराण्यांतील हा तरुण, महायुद्धांत वैमानिक झालेला. ठिपक्यांचा निळा रुमाल गळ्याला बांधून तो मोटारींत बसे. त्यानें ॲम्हर्स्ट व्हिलियर्स या यंत्रज्ञाकडून सुपरचार्जर करवून घेतला, डॉरोथी पॅजेट या धनिक तरुणीकडून भांडवल मिळविलें आणि वेल्विन येथें निराळा कारखाना काढला. ल मांच्या शर्यतींत उतरविण्यासाठीं तशा पन्नास मोटारी विक्रीकरितां बांधणें आवश्यक होतें. बर्नाटोनें त्यालाहि मान्यता दिली. बेंटलीनें एवढेंच केलें, कीं या पंपासाठीं आपल्या एंजिनाच्या अंगाला हात लावूं दिला नाहीं. म्हणून तो अवजड पंप रेडिएटरच्याहि पुढें, क्रँकशाफ्टच्या टोंकाशीं, उघड्यावरच बसवावा लागला. ब्लोअर बेंटलीच्या तोंडाशीं दिसणारी ती धातूची पेटी आज तिची शोभा म्हणून दाखविली जाते. वास्तविक ती एका घरगुती भांडणाची खूण आहे. तिच्यामुळें मोटारीचें नाक जड झालें आणि वळणावर ती आणखीच हट्टी बनली. शक्ति मात्र वाढली यांत संशय नाहीं. साध्या साडेचार लिटरांच्या मोटारीची शक्ति ११० अश्वशक्ति. विक्रीच्या ब्लोअरची १७५. आणि शर्यतीसाठीं तयार केलेल्या मोटारीची २४० पर्यंत.

वाद कोणाच्या बाजूनें सुटला, हें जून १९३० मध्यें ल मां येथें दिसलें असें पुष्कळांना वाटतें. तेथें जर्मनीची सात लिटरांची मर्सिडीज घेऊन काराचिओला आला होता. बर्किननें आपल्या ब्लोअरनें तिचा असा कांहीं पाठलाग केला, कीं एका टायरचें रबर निघून फडफडत असतांहि, चाकें रस्त्याकडेच्या गवतावर घालून त्यानें तिला मागें टाकलें. रात्रीं मर्सिडीज थकली. पण दोन्ही ब्लोअर मोटारीहि शेवटपर्यंत टिकल्या नाहींत. पहिला आणि दुसरा क्रमांक मिळविला तो सुपरचार्जर नसलेल्या, साडेसहा लिटरांच्या बेंटली मोटारींनीं. एंजिन मोठें करा, फुगवूं नका, हें बेंटलीचें म्हणणें याहून स्पष्ट सिद्ध व्हावयास नको होतें. ब्लोअरच्या वाट्याला पराक्रम आला, यश आलें नाहीं.

पोची शर्यत यानंतर तीन महिन्यांनीं झाली. त्या वर्षीं फ्रेंच ग्रां प्रीला पुरेशा मोटारी मिळेनात, म्हणून ती पुढें ढकलून एंजिनाच्या मापाचें बंधन काढून टाकण्यांत आलें. तेव्हां बर्किननें आपली ब्लोअर नेण्याचें ठरविलें. शर्यतीची रेषा ओलांडावयास पंचवीस मोटारी उभ्या होत्या. त्यांतल्या बहुतेक बुगाटी. त्या निळ्या, सडपातळ, बिनमडगार्डांच्या मोटारींच्या घोळक्यांत ही हिरवी बेंटली म्हणजे लग्नाच्या वरातींत घोड्यांमध्यें हत्ती झुलत यावा तशी दिसली असली पाहिजे. मूळची ती चार बैठकींची प्रवासी थाटाची मोटार. तिचे दिवे व मडगार्ड काढले होते इतकेंच. दोन मोटारींच्या पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर मोजलें तर बुगाटीचें २.४ मीटर आणि बेंटलीचें ३.३ मीटर.

मार्ग एका फेरीस सोळा किलोमीटरांहून किंचित् कमी, फेऱ्या पंचवीस, म्हणजे एकंदर सुमारें चारशें किलोमीटर. या मार्गावर लांबच लांब सरळ रस्ते होते, आणि बेंटलीची सारी भिस्त त्यांवर होती. तिला वेग घ्यावयास वेळ लागे, पण एकदां घेतला कीं ताशीं दोनशें किलोमीटरांच्या पलीकडे ती निश्चिंतपणें जाई. अडचण होती ती रस्ता संपून वळण येई तेव्हांची. एकाच वेगानें चाललेल्या दोन मोटारींपैकीं एक दुप्पट जड असेल, तर तिला थांबवितांना ब्रेकांना दुप्पट शक्ति गिळावी लागते. टायरांवरहि त्याच प्रमाणांत ताण पडतो. अश्वशक्तीच्या मागें वजन किती, हा हिशेब मांडला तर शर्यतीच्या बेंटलीच्या वांट्याला सात-आठ किलोग्रॅम येतात, बुगाटीच्या वांट्याला सुमारें सहा. हें अंतर कांहीं फार मोठें नाहीं. म्हणूनच सरळ रस्त्यावर दोघी एकमेकींना भारी पडत. हिशेब बिघडे तो वळणावर, कारण तेथें अश्वशक्ति उपयोगी पडत नाहीं, तेथें नुसत्या वजनाची झडती होते. जाहिरातींत अश्वशक्तीचे आंकडे ठळक छापतात आणि वजनाचे बारीक, त्या रिवाजानें आजवर कितीतरी गिऱ्हाइकांची दिशाभूल केली आहे.

आरंभीं पुढें होत्या त्या बुगाटीच. बर्किन त्यांच्या मागें धीरानें चालला होता. एके ठिकाणीं 'साबिपा' या टोपणनांवानें शर्यतींत उतरणारा फ्रेंच शर्यतपटू मोटार उलटून रस्त्यावरच फेंकला गेला. मागून बेंटली भरधांव येत होती. अशा वेळीं जड मोटारीला थांबणें अशक्य आणि वळणें धोक्याचें. बर्किननें पडलेला माणूस आणि रस्त्याची कड यांमधल्या चिंचोळ्या फटींतून ती प्रचंड मोटार नेली. थोडक्यांत एक प्राण वांचला. त्यानंतरहि त्यानें वेग उणा होऊं दिला नाहीं. पुढच्या मोटारी कांहीं बिघाडानें, कांहीं थांबण्यानें मागें पडत गेल्या, आणि बेंटली एकेक क्रमांक वर चढत गेली.

शर्यत जिंकली ती फिलिप एतांसलाँ यानें. रुआँचा हा शर्यतपटू शिरस्त्राण न घालतां साधी कापडी टोपी उलटी घालून मोटार हांकीत असे, आणि स्टिअरिंगशीं झुंज घेतल्यासारखा सारें अंग घुसळीत असे. त्याच्या टाइप ३५ सी बुगाटीनें हें अंतर दोन तास त्रेचाळीस मिनिटें अठरा सेकंदांत, म्हणजे ताशीं सुमारें १४५ किलोमीटरांच्या सरासरीनें कापलें. दुसरा आला बर्किन, साडेतीन मिनिटांहूनहि थोडें कमी मागें. तिसरी आणि चौथी पुन्हां बुगाटीच.

या निकालाचे दोन अर्थ लावतां येतात आणि दोन्ही आजतागायत लावले जातात. बुगाटीचे चाहते म्हणतात, दोन लिटरांनीं साडेचार लिटरांना हरविलें. मूर्ति लहान पण कीर्ति महान. बेंटलीचे चाहते म्हणतात, कुटुंबाला घेऊन सहलीला निघावें अशा मोटारीनें खास शर्यतीसाठीं घडविलेल्या एवढ्या मोटारींना मागें टाकलें. त्यांत एकच काय ती पुढें राहिली. दुसऱ्या म्हणण्यांत तथ्य अधिक आहे, पण त्यांतून निघणारें श्रेय बेंटलीच्या रचनेपेक्षां बर्किनच्या हातांना जास्त जातें. तीच मोटार साधारण शर्यतपटूच्या हातीं असती तर ती दुसरी आली असती काय, याची शंकाच आहे. उलट बुगाटी अनेकांच्या हातीं अनेक ठिकाणीं जिंकली. तिचें यश एका माणसावर अवलंबून नव्हतें. दोन मोटारींची तुलना करतांना हा भेद विसरून चालणार नाहीं.

ब्लोअरचा खर्च मात्र भारी पडला. डॉरोथी पॅजेटनें १९३० च्या अखेरीस हात आंखडता घेतला, आणि पुढें तिचें लक्ष व धन घोड्यांच्या शर्यतींकडे वळलें. खुद्द बेंटली कंपनी, मंदीच्या तडाख्यांत सांपडून, १९३१ सालीं बुडाली आणि रोल्स-रॉइसनें ती विकत घेतली. स्वतः वॉल्टर ओवेन बेंटली त्या नव्या धन्याच्या पदरीं कांहीं वर्षें काढून १९३५ सालीं लागोंडा कंपनींत गेला. मोल्सहाइमलाहि दैव फार काळ अनुकूल राहिलें नाहीं. १९३९ सालीं एत्तोरेचा कर्तबगार मुलगा झाँ एका मोटारीची परीक्षा घेत असतां अपघातांत ठार झाला. १९४७ सालीं बाप गेला. पुढें १९९८ सालीं बेंटली आणि बुगाटी हीं दोन्ही नांवें फोक्सवागन या एकाच जर्मन कंपनीनें विकत घेतलीं.

पोच्या नंतर बर्किननें काय केलें, हें मोठें मौजेचें आहे. १९३१ सालीं ल मांची शर्यत त्यानें अर्ल हाउ याच्या जोडीनें जिंकली. पण ती बेंटलींत बसून नव्हे. त्यानें निवडलेली मोटार इटलीची आल्फा रोमिओ होती: आठ सिलिंडर, अवघे २.३ लिटर, सुपरचार्जर आणि हलकें अंग. म्हणजे जातीनें ती बुगाटीच्याच कुळांतली. तरी ब्लोअरवरची त्याची माया सुटली नाहीं. एकाच बैठकीची एक लाल ब्लोअर त्यानें जपून ठेविली होती. २४ मार्च १९३२ रोजीं ब्रुकलँड्सच्या गोल धांवपट्टीवर, जेथें ब्रेक मारावयास लावणारें वळण नाहीं आणि वजनाला कोणी विचारीत नाहीं, तेथें त्यानें तिच्यांत बसून ताशीं १३७.९६ मैलांचा उच्चांक गांठला. पुढच्या वर्षीं ट्रिपोलीच्या शर्यतींत मोटारीच्या तापलेल्या नळीनें त्याचा हात भाजला. जखम चिघळली, आणि जून १९३३ मध्यें तो वारला. त्याचा तो उच्चांक दोन वर्षें टिकला. नंतर जॉन कॉब यानें तो मोडला, तेव्हां त्याच्या मोटारीचें एंजिन चोवीस लिटरांचें होतें.